तळ दिसायला हवा

रुआबांधा, भिलाई
९ एप्रिल २०२३

ती. सिंधुताई,

साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. प्रत्यक्ष घातला तर उठवायला घरात कोणी नाही.

कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही फोन घेणं सोडलंत, असं ताराकडून कळलं. मला ते सोयीचंच आहे. स्टील प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये नोकरीभर मी प्रत्येक गोष्ट लेखी मागितली आणि लेखी दिली. तेव्हा विषय असा: पोहण्याच्या तलावात क्लोरीन कोणतं व किती टाकावं. तुमची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये गेली, म्हणून हा विषय तुमच्याकडे पाठवत आहे.

पार्श्वभूमी. आमची सोसायटी सगळी प्लांटमधून रिटायर झालेल्यांची. तिच्यात एक छोटा तलाव आहे. बिल्डरने तो जाहिरातीत फोटो छापता यावा म्हणून बांधला होता आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत त्यात बेडकांशिवाय कोणी उतरत नसे. हिवाळ्यात डॉक्टरांनी ताराला सांगितलं की दोन्ही गुडघे गेले आहेत आणि हृदयाचं पाहता ऑपरेशन करता येणार नाही. एकच उपाय आहे, रोज पाण्यात चालायचं. पाणी वजन उचलतं, गुडघ्याला भार लागत नाही. नाही चालली तर दिवाळीपर्यंत व्हीलचेअर. मी दुसऱ्या दिवशी तलावाचा चार्ज घेतला.

सेक्रेटरी प्रेमानंद यांनी हरकत घेतली नाही. त्यांना तलाव बुजवून तिथे गाड्यांसाठी शेड टाकायची आहे आणि माझ्या हातून तलाव बिघडला तर त्यांचं काम आपोआप होतं. ४ जूनच्या वार्षिक सभेत ठराव आहे: तलावाचं पाणी नीट नसेल तर त्यात माती भरावी. 'नीट'ची व्याख्या मीच लिहून दिली. काठावर उभं राहिल्यावर तळाची फरशी स्पष्ट दिसायला हवी. व्याख्येशिवाय मी कुठल्याच कागदावर सही केलेली नाही.

इथल्या पावर हाउस भागातल्या बाजारात क्लोरीन तीन प्रकारचं मिळतं. ब्लीचिंग पावडर, कॅनमधलं पातळ औषध आणि गोळ्या. प्रत्येक दुकानदार बाकीच्या दोघांचा माल भंगार असल्याचं सांगतो. मी तिन्ही आणलं. सध्या पावडर चालू आहे.

अडचण अशी की तलावाला उग्र वास येतो आणि पोहणाऱ्या नातवंडांचे डोळे लाल होतात. प्रेमानंद खुर्ची घेऊन काठाशी आले आणि म्हणाले, "साहेब, कितना क्लोरीन डालते हो! सबकी आँखें जल रही हैं." मी पावडर निम्मी केली. वास वाढला. पुन्हा निम्मी केली. आता तो दुसऱ्या मजल्यावर पोहोचला आहे.

तारा रोज वॉकर घेऊन काठापर्यंत येते, पाण्याकडे बघते, म्हणते, "पाणी बरोबर नाही वाटून राहिलं मले," आणि परत जाते. काय बरोबर नाही असं विचारलं तर म्हणते, "तुमी पाहा ना, तुमीच तं इंजिनेर." म्हणजे सगळं पाण्यावर अडलं आहे. कृपया लवकर कळवावे.

आपला,
विजयकुमार

.

वर्धा
१५ एप्रिल

विजयराव,

पत्र मिळालं. विषय आला, पार्श्वभूमी आली, फक्त 'प्रत माहितीसाठी' कोणाला पाठवलीत ते लिहायचं राहिलं.

तुमच्या प्रेमानंदांना सांगा की तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नाही, कमी पडल्याचा आहे. पाण्यात घाम असतो, डोक्याचं तेल असतं आणि पोरं पोहतात म्हटल्यावर आणखी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. क्लोरीन ह्या सगळ्याला संपवायला जातं. पुरेसं असेल तर संपवतं. कमी पडलं तर त्याच घाणीला चिकटून बसतं, आणि ते जे अर्धवट तयार होतं त्याचाच वास येतो, त्यानेच डोळे चुरचुरतात. क्लोरीन पुरेसं असलेल्या तलावाला वास जवळजवळ येतच नाही. तुम्ही भुकेने रडणाऱ्या पोराचं दूध निम्मं केलंत, आणि ते आणखी रडलं म्हणून पुन्हा निम्मं केलंत.

आता निवड. कॅनमधलं पातळ वापरायला सोपं, पण भिलाईच्या उन्हात त्याचा जोर आठवडाभरही टिकायचा नाही. गोळ्यांमध्ये क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा एक पदार्थ असतो. तो पाण्यात साठत जातो आणि मग क्लोरीन आळशी होतं. छोट्या तलावाला तुमची पावडरच बरी. फक्त तिच्यात चुना असतो. बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात पावडर टाकायची, उलट कधीही नाही. ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं तलावात ओतायचं.

आणि तुम्ही तिन्ही प्रकार आणलेत हे वाचून मी खुर्चीतून उठले. ते एका बादलीत, एका मगात, एका कपाटातसुद्धा एकत्र येऊ देऊ नका. अ‍ॅसिड तर जवळही नको. विषारी वायू होतो, आग लागते. उरलेले दोन उद्या दुकानात परत करा. हे गमतीत लिहिलेलं नाही.

ऊन उतरल्यावर एकदा मोठा डोस द्या, नेहमीच्या कितीतरी पट. रात्रभर फिल्टर चालू ठेवा. तपासणीच्या किटमध्ये क्लोरीन पुन्हा नेहमीच्या पातळीला येईपर्यंत कोणाला उतरू देऊ नका. त्याच किटमध्ये लाल थेंबांची बाटली असेल, तिने पीएच बघा. साडेसातच्या आसपास हवा. त्याच्या फार वर गेला तर तुम्ही कितीही पावडर ओता, ती झोपून राहील.

आणखी एक. साबण लावून आंघोळ केल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. सुती कपडे घालून तर अजिबात नाही. सुताचे तंतू फिल्टरमध्ये अडकतात आणि सूत क्लोरीन खातं. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख असेल तरच प्रवेश, असा बोर्ड लावा.

ताराची काळजी वाटते. लहानपणी तिच्या मागे धावताना मी, मोठी असून, दमायची. ती खुर्चीत बसलेली मला पाहायची नाही. तिला पाण्यात उतरवा.

सिंधू

.

रुआबांधा
२२ एप्रिल

ताई,

हे पत्र मैनाबाईच्या हाती देत आहे. कामावरून घरी जाताना ती मरोद्याच्या टपालपेटीत टाकेल. ह्यांना माहीत नाही आणि तू सांगू नको.

तुझा बोर्ड लागला. हिंदीत, इंग्रजीत आणि खाली माझ्यासाठी म्हणून मराठीत: सुती कपडे घालून पाण्यात उतरण्यास सक्त मनाई, फक्त पोहण्याचा पोशाख. तू माझी बहीण आहेस की वैरीण?

पाण्यात काही वाईट नाही गं. मला पाण्यातलं काय कळतं? मी मनाशी ठरवलं होतं की जुना सुती गाऊन घालायचा आणि गुपचूप उतरायचं. बोर्डाने तेही संपवलं. दुसऱ्याच दिवशी हे काळा पोशाख घेऊन आले. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत, बाकी सगळं अंगाला चिकटलेलं. दार लावून घातला. आरशात बघितलं आणि लगेच काढला. माझे पाय तुला माहीत नाहीत आता. गुडघे सुजून वाकडे झालेत, पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं आहे. हे पाय ह्यांनीसुद्धा उजेडात पाहिले नाहीत. आणि तलावाभोवती संध्याकाळी कोण बसलेलं असतं? सगळी ब्लास्ट फर्नेस. पेपर घेऊन, खुर्च्या टाकून. ज्यांना मी वर्षानुवर्षं सांबारवड्या वाढल्या, जे मला वहिनी नाहीतर भाभीजी म्हणतात, त्यांच्यासमोर मी असं उतरायचं?

मैनाबाईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "तरिया मा तो सबो झन लुगरा पहिर के नहाथें दीदी, का के लाज?" मी म्हटलं, तुमच्या गावच्या तळ्यात गढूळ पाणी असतं बाई, पाण्याखालचं कोणाला दिसतंय? इथे ह्यांनी तळाच्या फरशा मोजता येतील असं पाणी करायचं ठरवलंय.

म्हणून मी म्हणते, पाणी बरोबर नाही. हे लगेच नळ्या आणि थेंब घेऊन बसतात. रिटायर झाल्यापासून इतके खुश मी त्यांना पाहिले नव्हते. वाईट वाटतं, पण खरं सांगायचं धाडस होत नाही. व्हीलचेअरची भीती मलाही वाटते गं. पण ती भीती दिवाळीची आहे आणि ही लाज रोज संध्याकाळची.

तू आपली त्यांना क्लोरीनचंच काहीतरी सांगत राहा.

तुझी तारा

.

रुआबांधा
३ मे

ती. सिंधुताई,

स. न. अपघाताचा अहवाल पाठवत आहे.

आपल्या सूचनेप्रमाणे मोठा डोस द्यायचं ठरलं. पण प्लांटमध्ये कुठलंही मोठं काम सुरू करण्यापूर्वी आम्ही भट्टी रिकामी करून पूर्ण दुरुस्ती करत असू. त्याप्रमाणे तलाव उपसला, फरशा घासून घेतल्या आणि ताजं पाणी भरलं. पाणी काचेसारखं होतं. ताराला आणून दाखवलं. ती म्हणाली, "आज वारा आहे." मी वाऱ्याची नोंद केली.

ऊन उतरल्यावर डोस दिला. आधी पाणी, मग पावडर, वरचं निवळ तेवढंच. फिल्टर चालू. सकाळी तलाव चहाच्या रंगाचा झाला होता. बिनदुधाच्या. दुपारपर्यंत तांबडा झाला. वास अजिबात नाही. किटमध्ये क्लोरीन शून्य. आणखी दिलं, रंग आणखी गडद झाला.

प्रेमानंद खुर्ची घेऊन आले आणि ह्या वेळी पत्नीलाही घेऊन आले. "साहेब, अब इसमें चीनी डाल दो," म्हणाले. शेजारच्या ब्लॉकमधूनही लोक येऊन गेले.

रंग गंजाचा आहे याबद्दल आमच्यापैकी कोणालाच शंका नव्हती. आम्ही जुने सहकारी मिळून तपासणी केली. पाइप सगळे प्लास्टिकचे निघाले. पंप उघडला, स्वच्छ होता. शिडीला लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. एकाला फरशांचा संशय आहे, दुसऱ्याला घातपाताचा. तलावात लोखंड कुठेही नाही. सबब, एकतर पावडर भेसळीची आहे किंवा आपण सांगितलेला डोस चुकीचा आहे. लेखी खुलासा करावा.

सभेला महिना उरला आहे. तारा काल काठापर्यंतसुद्धा आली नाही, जिन्याच्या दारातून बघून वळली. तेवढं अंतरही आता तिला जड जातं. मला रात्री झोप लागत नाही.

विजयकुमार

.

वर्धा
६ मे

विजयराव,

खुलासा मागवलात, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ते ताजं पाणी कुठलं? राहू द्या, मीच देते. बोअरचं. उन्हाळ्यात प्रेमानंद तुम्हाला नळाचं पाणी भरू देणार नाहीत, हे मला इथे बसून कळतं. आणि तलाव उपसला म्हणून मी रागावेन, ह्या भीतीने तुम्ही बोअरचं नाव गाळलंत. रागावलेच असते. जुन्या पाण्यातच डोसाने काम झालं असतं.

तुमच्या बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं आहे. विरघळलेलं असतं तेव्हा ते दिसत नाही, पाणी काचेसारखं असतं. त्यात क्लोरीन पडलं की ते लोखंड पाण्यातल्या पाण्यात गंजतं. क्लोरीन शून्य दाखवत होतं, कारण ते सगळं लोखंडच खात होतं. विजयराव, तुम्ही आणि खुर्च्या टाकून बसलेले तुमचे सगळे सहकारी जन्मभर लोखंडावर जेवलात. शिडीला चुंबक लावून पाहिलंत. अख्खा तलाव समोर तांबडा झालेला होता आणि लोखंड सापडलं नाही म्हणून अहवाल लिहिलात. हे पत्र मी शेजारच्या सुजाताला वाचून दाखवलं, क्षमा असावी.

उपाय सोपा आहे. किटमध्ये क्लोरीन टिकून दिसेपर्यंत देत राहा, म्हणजे सगळं लोखंड गंजून झालं. मग तुरटी विरघळवून टाका. पंप बंद ठेवा, गाळ खाली बसू द्या, आणि तळाचा गाळ नळीने ओढून थेट बाहेर गटारात सोडा. फिल्टरमधून फिरवलात तर तो परत तलावात येईल. दोनतीनदा केलंत की तळ दिसेल.

क्लोरीन टिकायला लागल्यावर ते पाणी तांबडं असलं तरी घातक नाही. गंज आहे, विष नाही. पण तळ दिसत नसताना कोणाला पोहू देऊ नका, बुडालेला माणूसही दिसणार नाही. अगदीच कोणी उतरलं तर उथळ बाजूला, आणि हात धरायला दुसरं माणूस पाण्यात हवं.

ताराला वारा बाधू देऊ नका.

सिंधू

.

रुआबांधा
१५ मे

ती. सिंधुताई,

स. न. लोखंड मान्य. सहकाऱ्यांना कळवलं. त्यानंतर तलावाकडे कोणी फिरकलेलं नाही. प्रेमानंदही येत नाहीत, प्रकरण निकालात निघालं असं ते समजतात.

क्लोरीन टिकायला लागलं. तुरटी आणली. ती तशीच पुडक्यात आहे. कारण पुढीलप्रमाणे.

बुधवारी संध्याकाळी तारा वॉकर घेऊन आली. अंगावर चादर लपेटलेली होती. आत तो काळा पोशाख. पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज ठीक आहे पाणी." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने चादर शेवटच्या पायरीवर सोडली आणि उतरली. हात धरायला दुसरं माणूस पाण्यात हवं असं आपण लिहिलं होतं, त्यामुळे मीही उतरलो. पाणी छातीपर्यंत आहे. विशेष कळवण्यासारखं काही नाही.

ती उथळ बाजूलाच, आडवी, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. वॉकरशिवाय. परत आली, पुन्हा गेली. मध्येच हसली. कशाला ते कळलं नाही, पण हिवाळ्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तेव्हापासून रोज चालते. फिजिओथेरपीवाल्या प्रांजलीबाई म्हणतात की हे थांबवू नका, मांडीत जोर येतो आहे. काल तलावापासून लिफ्टपर्यंत ती वॉकर न घेता, माझा खांदा धरून आली.

माझा निष्कर्ष असा की तिला लोखंड मानवतं. हिमोग्लोबिन तिचं पहिल्यापासून कमीच आहे. तरी पाणी असंच तांबडं ठेवण्यासाठी काय प्रमाण ठेवावं, ते कळवावे. निवळू नये म्हणून मी फिल्टर बंद ठेवला आहे.

अडचण एकच. ४ जूनला तळ दिसला नाही तर तलाव बुजवला जाईल. व्याख्या माझीच असल्यामुळे तक्रारही करता येत नाही.

विजयकुमार

.

वर्धा
२० मे

विजयराव,

हिमोग्लोबिन कातडीतून चढत नाही.

मला एक गोष्ट सांगण्यात आली होती आणि तुम्हाला सांगू नको म्हणून बजावण्यात आलं होतं. मी सांगते आहे. ताराला वास आवडत नव्हता, पाणी आवडत नव्हतं, वारा होता, ह्यातलं एकही खरं नाही. तिला तिच्या पायांची लाज वाटते. काचेसारख्या पाण्यात, चिकटलेल्या पोशाखात, तुमच्या सगळ्या ऑफिससमोर उतरायची लाज वाटते. तांबड्या पाण्यात पाय दिसत नाहीत, बघणारेही कोणी येत नाहीत. म्हणून ती उतरली आणि म्हणून हसली.

आपण दोघं पाण्यावर इलाज करत बसलो. त्यात सुती कपड्यांना बंदीचा बोर्ड मी लावायला लावला. तंतूंबद्दल मी बरोबर होते, पण बहिणीबद्दल मला काहीच कळलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं.

फिल्टर आत्ताच्या आत्ता चालू करा. साचलेल्या पाण्यात ह्या उन्हात शेवाळ धरेल, मग ते हिरवं होईल आणि खरोखर उतरण्यासारखं राहणार नाही. तांबडं ठेवण्याचं प्रमाण नसतं.

तुरटी टाकलीत तर पाणी निवळेल आणि ती बाहेर येईल, हे मला दिसतं आहे. नाही टाकलीत तर पंधरा दिवसांत तिथे माती पडेल. ह्यावर माझ्याकडे औषध नाही. तिला हे पत्र दाखवू नका. बाकी तुमचं तुम्ही ठरवा, नवरा तुम्ही आहात.

सिंधू

.

रुआबांधा
२७ मे

ती. सिंधुताई,

स. न. पत्र दोनदा वाचलं. दाखवलं नाही.

एवढा संसार झाला आणि बायको पाण्यात का उतरत नाही, हे मला वर्ध्याहून कळलं. वाईट वाटलं. तेवढं नोंदवून पुढे जातो.

तुरटी चालू केली आहे. पण एकदम नाही. ती चालून वर गेली की थोडी टाकतो, सकाळी बसेल तेवढाच गाळ ओढतो, बाकी राहू देतो. त्यामुळे पाणी रोज थोडंच निवळतं आणि तिच्या लक्षात येत नाही, असा अंदाज आहे. तिची नजर खाली जाऊ नये म्हणून चालताना मी तिच्याशी बोलतो. बोलायचे विषय दुसऱ्या दिवशीच संपले. सध्या भट्टीतून धातू कसा काढतात ते सांगतो आहे. ती ऐकते.

बोर्डातली शेवटची ओळ बदलून घेतली. नायलॉनचे पूर्ण कपडे चालतील, असं लिहिलं आहे. मरोद्याच्या टेलरकडून माझ्यासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट नायलॉनमध्ये शिवून घेतली. रंग नारिंगी, प्लांटच्या सेफ्टी जॅकेटचा. टेलरने काळा सुचवला होता. पण काठावरच्या लोकांना काहीतरी बघायला लागतंच, त्यांनी माझ्याकडे बघावं. ताराला तशाच कापडाचं विचारलं. "पाहू," म्हणाली.

सभा प्रेमानंदांनी तलावाच्या काठावरच ठेवली आहे, संध्याकाळी. ती तिच्या चालण्याची वेळ आहे. वेळ बदला म्हणालो, तर म्हणाले, "अच्छा है ना साहेब, सबके सामने दिख जाएगा." ती त्या दिवशी उतरणार नाही, हे गृहीत धरलं आहे.

विजयकुमार

.

रुआबांधा
६ जून

ताई,

तलाव राहिला, ठराव पडला. हे आधीच लिहिते, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला लागशील.

तू ह्यांना सांगितलंस. मला पत्र न दाखवताच कळलं. ज्या माणसाने जन्मात माझ्या साडीचा रंग पाहिला नाही, तो एकदम विचारतो, "तुले नायलॉन टोचत तं नाही ना?" मला तुझा इतका राग आला की दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. आता राहिला नाही.

ह्यांना वाटत होतं की पाणी निवळतंय हे माझ्या लक्षात येत नाही. गुडघे गेलेत माझे, डोळे शाबूत आहेत. आधी पायऱ्यांच्या कठड्याची खालची दांडी दिसायला लागली, मग माझा हात, मग गुडघे, धुरात दिसावेत तसे. हे आपले भट्टीत वितळलेल्या लोखंडावरची मळी कशी वेगळी काढतात ते सांगत होते. मी हूं हूं करत होते आणि मनाशी ठरवत होते: ज्या दिवशी पावलं दिसतील, त्या दिवशी बाहेर. मग पुन्हा नाही. पाण्यात चालताना मला किती बरं वाटतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सोडताना कोणाला सांगावं लागणार नव्हतं.

सभेच्या दिवशी येणारच नव्हते. खिडकीतून खाली पाहिलं. खुर्च्यांचा गराडा पडलेला, आणि मधोमध हे एकटेच त्या नारिंगी कपड्यांत काठावर उभे. सर्कशीतला माणूस दिसावा तसे. लोक तोंड लपवून हसत होते. गीतांजलीने, म्हणजे प्रेमानंदांच्या बायकोने, पदरच तोंडात धरला होता. आणि हे जिन्याच्या दाराकडे बघत होते. ताई, मला राहवलं नाही. मी तो काळा पोशाख घातला, चादर गुंडाळली आणि लिफ्टने खाली आले.

चादर पायरीवर सोडली आणि कोणाकडे न बघता उतरले. हे माझ्या मागून उतरले आणि माझा हात धरला. आम्ही मध्यापर्यंत गेलो. तेवढ्यात प्रेमानंद टॉर्च घेऊन काठाशी आले आणि तळावर उजेड पाडला. तिथेच मी उभी होते. मी खाली पाहिलं. माझी पावलं, सुजलेली, वाकडी, पांढरीफटक, फरशीवर अगदी स्वच्छ. काठावर रांगेने सगळे वाकून बघत होते. "दिखता तो है," कोणीतरी म्हणालं. प्रेमानंदांनी टॉर्च बंद केली आणि जाऊन खुर्चीवर बसले.

सभा तिथेच संपल्यासारखी होती. मी ह्यांना हळूच म्हटलं, "झालं ना तुमचं? मी जातो आता वर."

"थांब," हे म्हणाले.

त्यांचा आवाज वेगळाच लागला म्हणून वळून पाहिलं. चेहरा कागदासारखा झाला होता. आणि त्यांच्या हातातला माझा हात थरथरत होता. रोज थरथरायचा तो. मला वाटायचं, माझाच, अशक्तपणामुळे. त्या दिवशी मी आपला हात घट्ट केला, तरी थरथर थांबेना. तेव्हा कळलं की ती माझी नव्हती.

"कावून थरथरून राहिले?" मी विचारलं.

"मले पाण्याची भीती वाटते."

"कधीपासून?"

"पहिलेपासून," म्हणाले. शिफ्टची वेळ सांगावी तसे.

ताई, माझे पाय दिसत नाहीत म्हणून त्या तांबड्या पाण्यात मी सुखी होते. आणि हा माणूस त्याच पाण्यात, तळ दिसत नसताना, रोज माझा हात धरून उतरत होता आणि मला भट्टी समजावून सांगत होता. पाण्यातच होते म्हणून डोळे पुसायला निमित्त लागलं नाही.

लोक अजून बघत होते. आमच्यापुढे खोल बाजूकडचा अर्धा तलाव होता. तिथपर्यंत आम्ही कधी गेलो नव्हतो. तिकडे पाणी ह्यांच्या खांद्यापर्यंत येतं.

मी म्हटलं, "खाली पाहा. तळ दिसून राहिला ना? माह्या पायांकडं पाहा अन् चाला."

त्यांनी पाहिलं. भर सभेत, माझ्या पायांकडे बघत, ते माझ्याबरोबर पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत आले.

तुझी तारा